तडाख्याच्या लग्नासाठी दापोड्याला

"उतरा, मावशी, खाली उतरा. काट्यावर माणूस बसला तर वजन कुणाचं लिहू मी, कागदाचं का तुमचं?"

दापोड्याच्या गोदामात बाळारामशेठ असे ओरडत होते आणि मी वजनकाट्यावर, कॉमिकच्या गठ्ठ्यांच्या राशीवर, पदर खोचून मांडी घालून बसले होते. रास चांगलीच उंच होती. तिथून मला खाडी, खाडीतली होडी आणि होडीवाल्याच्या डब्यातली भाजीसुद्धा दिसत होती असं मी घरी सांगते. कोणी मानत नाही. पण मी बसले होते एवढं खरं, आणि त्याला साक्षीदार आहेत.

"चाची, उतरो ना," ट्रकचा ड्रायव्हर खालून विनवत होता. "माल भरना है. शाम को कारखाने का गेट बंद हो जाता है."

"होऊ दे बंद. माझ्या अंगावरून ट्रक न्या, पण हे लग्न मी मोडू देणार नाही."

"किसकी शादी?" ड्रायव्हरने घाबरून विचारलं.

दाराशी माझी नणंद पर्स छातीशी धरून उभी होती. तिने छताकडे पाहिलं. ओळख दाखवायची नसली की ती छताकडे पाहते, हे मला माझ्या लग्नापासून ठाऊक आहे.

आता हे कसं झालं ते पहिल्यापासून सांगते, कारण तुमच्यापैकी बहुतेकजण भिवंडीला गेले नसतील, आणि गेले असतील तर कापड घ्यायला गेले असतील. लग्न लावायला गेलेली मी एकटीच.

सोलापूर, निघण्याआधी

माझी सोलापुरात खानावळ आहे. माझ्या हातची शेंगाचटणी खाऊन मुका माणूस बोलायला लागल्याचं उदाहरण आहे. पण तो विषय वेगळा. विषय आहे महाबली तडाखा.

हे कॉमिक मी चौथीत असल्यापासून वाचते. ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अनंत नावाचा पोस्टातला एक कारकून आहे. त्याने उजवी मूठ आवळली की तो तडाखा होतो. मग तो आगगाडी थांबवतो, पूल उचलून धरतो, धरणाची भेग पाठीने बुजवतो. त्याचं कुमुदवर प्रेम आहे. कुमुद टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. दर अंकाच्या शेवटच्या पानावर अनंत तिला मागणी घालायला तोंड उघडतो आणि मागे कुठेतरी स्फोट होतो. तो मूठ आवळून पळतो. अंक संपला.

चौथीत मला हे फार आवडायचं. दहावीत बरं वाटायचं. माझं लग्न झालं तेव्हाही तिकडे स्फोटच होत होते. मुलीच्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकड्यावर बसून अंक उघडला तर अनंत तोंड उघडतोय आणि मागे रॉकेलचा डेपो उडतोय. रॉकेल मिळायचं बंद झालं, डेपो उडायचा थांबला नाही. टेलिफोन एक्स्चेंज गेलं, कुमुदच्या हातात मोबाइल आला, पण वय तेच, वेणी तीच. आता माझी मुलगी तिच्यापेक्षा मोठी आहे. आणि तडाखा दर अंकात काहीतरी शिकतो. "आजपासून मी रागाच्या भरात मूठ उगारणार नाही." पुढच्या अंकाच्या दुसऱ्या पानावर मूठ उगारलेली. माझा आचारी असा निघाला असता तर मीठ घालायलाही मी त्याला ठेवला नसता. मध्यंतरी तडाखा मेलासुद्धा. मी सुतक पाळलं, खानावळीत गोड केलं नाही. पुढच्या महिन्यात पठ्ठ्या हजर. मेला तो जुळा भाऊ होता म्हणे.

एवढं सगळं सोसल्यावर यंदा लग्नाचा अंक आला. शेवटची पानं. अनंत तोंड उघडतो. मागे स्फोट होतो. आणि तो म्हणतो, "होऊ दे. बंबवाले आहेत. कुमुद, आधी माझं ऐक."

मी तो अंक गल्ल्यावर ठेवून रडले. त्या दिवशी खानावळीत आलेल्या प्रत्येकाला बासुंदी वाढली. पोस्टाच्या अंगणात मांडव, कुमुदच्या हातात हार, आणि चित्रकाराने अनंतच्या कानशिलावर दोन पांढरे केस काढले होते. दोन. मी भिंगाने पाहिले.

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर अनंत झोपेतून उठला आणि म्हणाला, "काय विचित्र स्वप्न होतं."

मी कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, लग्नाचा अंक मागे घेतलाय, सगळ्या प्रती भिवंडीजवळ दापोड्याच्या गोदामात परत आल्यात, तिथून त्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात लगद्याला जाणार.

"आणि आम्ही वाचला त्याचं काय?"

"तुम्ही विसरून जा ना, मॅडम."

मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली. नवऱ्याने विचारलं, कुठे. म्हटलं, तुमच्या बहिणीकडे. तो इतका खूश झाला की मला स्वतः स्टेशनवर सोडायला आला.

कोनमार्गे भिवंडी

रेल्वेचा प्रवास सांगण्यासारखा नाही, झोपले होते. कल्याणला उतरून रिक्षा केली. कोन गाव येईपर्यंत रस्ता बरा. त्यानंतर एक खड्डा आला. रिक्षा त्यात उतरली आणि पलीकडून वर आली तेव्हा रिक्षावाल्याची दाढी वाढलेली होती. तो म्हणाला, "ये तो छोटावाला है, अम्मा."

नणंदेचं सासर भिवंडीतलं जुनं. घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून. नणंद, सुलभा वन्सं, स्वतः शाळेतून निवृत्त झालेली. शिकवायची भूगोल, बोलायची मात्र दिवसाला एका पोस्टकार्डावर मावेल एवढंच. घराच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. आमच्या सोलापुरातही माग आहेत, पण आमचे माग चादर विणताना जरा दम खातात. इथले दिवसरात्र खटक-खटक. वन्संच्या भिंतीवरच्या पाली बहिऱ्या झाल्यात. मी टाळी वाजवली, एक हलली नाही. रविवारी माग थांबले की घरातल्यांची झोपमोड होते.

जेवायला वालाचं बिरडं होतं. आमच्याकडे सोललेला वाल कोणी पाहिलेला नाही. एकेक दाणा भिजवून, मोड आणून, सोलून. मी म्हटलं, "वन्सं, एवढ्या वेळात मी पन्नास पानं वाढते."

"म्हणून तुझं ताट माणसं पटकन उरकतात," ती म्हणाली.

मी तीन वाट्या खाल्ल्या आणि येण्याचं कारण सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, चित्रातल्या माणसाचं लग्न मोडलं म्हणून तू सोलापूरहून आलीस."

"हो."

"माझ्या मुलाचं मोडलं तेव्हा नुसता फोन केला होतास."

मी चौथी वाटी घेतली. पण सकाळी उठले तर वन्सं साडी नेसून, पर्स घेऊन तयार. "एकटी गेलीस तर कुणाशीतरी भांडशील," ती म्हणाली. "मग इथं लोक मला विचारतील."

दापोडे

दापोड्याला गाव आहे हे गावातल्या देवळावरून कळतं. बाकी सगळी गोदामं. एकेक गोदाम एवढं की आत शिरलेला माणूस पलीकडून बाहेर येईपर्यंत त्याच्या रेशनकार्डावरचं नाव कमी होत असेल. एकात नुसते पंखे, एकात नुसत्या चपला, एकात नुसते पाळणे. देशातलं प्रत्येक घर इथे आधी खोक्यात राहून जातं, असं वन्संनी रिक्षात सांगितलं. तिचं त्या दिवसाचं पोस्टकार्ड तिथेच अर्धं भरलं.

आमचं गोदाम सापडलं. पत्र्याचं छप्पर, आत कागदाचा दमट वास. जमिनीवर दहा-बारा बायका सुया-दोरा घेऊन गोल बसलेल्या, पण हात मांडीवर. पलीकडे काटा, काट्यावर गठ्ठे, गठ्ठ्यांच्या कव्हरवर कुमुदच्या हातातला हार. बाहेर ट्रक.

बाळारामशेठ तिथले मॅनेजर, गावचेच. भल्यामोठ्या देहाचे, कानावर पेन. मी माझी तक्रार सांगितली. मला वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत, अपराध्यासारखे इकडेतिकडे पाहू लागले.

"मावशी, त्याचं काय हाय," ते म्हणाले, "इथं सगल्या महाराष्ट्रातून न विकलेला माल परत येतो. कव्हर फाडायचं, ते कंपनीला पाठवायचं, म्हणजे अंक विकला न्हाय याचा पुरावा. आतला अंक ऱ्हातो. असे चार अंक ह्या बायका एकात शिवतात, वरून नवीन कव्हर. महाअंक. जत्रेत, आठवडी बाजारात फर्स्टक्लास जातो."

"कुठलेही चार?"

"कनचे पन. एक मागल्या महिन्याचा, एक दहा वर्सांचा. कुठनं पन वाचा, समजतं. ह्याचं लगीन लावलं तर मागचा सगला माल शिला व्हतो. वाचनारा बोलेल, अरे, पयल्या गोष्टीत बायको, दुसरीत न्हाय, ही कुठं गेली? म्हणून मी कंपनीला फोन केला. बोललो, हे बंद करा, न्हायतर माझ्या गोदामात उंदीर तडाखा खातील."

इतकी वर्षं मी त्या लेखकाला शिव्या घातल्या. पत्रं लिहिली, एका पत्राबरोबर निषेध म्हणून जळकी भाकरी पाठवली. आणि कुमुदचं लग्न अडवून धरलं होतं ते दापोड्याच्या एका गोदामातल्या शिल्लक मालाने. माणूस म्हातारा का होत नाही, तर जुन्या गठ्ठ्यांशी त्याचं तोंड जुळलं पाहिजे म्हणून.

"शिळ्याचं मला सांगू नका," मी म्हटलं. "रात्रीच्या भाकरीचा मी सकाळी कुस्करा करते, लोक रांग लावतात. पण कुस्करा खाणाऱ्याला माहीत असतं की दुपारी ताट येणार आहे. तुम्ही लोकांना जन्मभर कुस्कराच घालताय."

"मी काय करू? ऑर्डर आली हाय. लग्नाचा अंक लगद्याला."

ट्रकवाला गठ्ठ्याला हात घालायला आला, आणि मी काट्यावर चढले. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

किती वेळ बसले सांगत नाही. घरी मी दोन दिवस सांगते. बाळारामशेठ ओरडून थकले, मग खाली स्टुलावर बसले. गोलातली एक बाई, हिरा तिचं नाव, दिघाशीकडच्या पाड्यावरून रोज येणारी, मान वर करून म्हणाली, "शेठ, तिला बसू द्या. आमी पन सकालपासून बसूनच हाय."

"तुम्ही का बसलात?" मी वरून विचारलं.

"तीनच अंक हायेत. चौथा न्हाय आला. चार झाल्याबिगर शिवायचं न्हाय, बोलतात."

"पावसात माल परत आला न्हाय," शेठ पुटपुटले.

मी माझ्या बुडाखाली हात घालून एक अंक काढला आणि वर धरला.

शेठना कळलं. "न्हाय, न्हाय, मावशी. कंपनी विचारील."

"कंपनीला काय पाठवता?"

"कव्हर."

"मग कव्हर पाठवा. एकूण एक पाठवा. आत काय होतं ते त्यांनीच विसरून जायला सांगितलंय."

"आनि पयल्या गोष्टीत बायको, दुसरीत न्हाय, त्याचं काय?"

"लग्न शेवटी शिवा. आधी तीन अंक ब्रह्मचारी, चौथ्यात लग्न. तुमचा कुठला माल शिळा होतो? उलट मागचे तिन्ही ताजे होतील. इतकी वर्षं तो तोंड उघडत होता, त्याला काहीतरी अर्थ येईल."

बाळारामशेठनी कानावरचं पेन काढलं, परत ठेवलं. हिरा बाकीच्यांना काहीतरी म्हणाली, त्या हसल्या.

"पन कारखान्याला वजन सांगितलंय मी," शेठ म्हणाले. "ट्रक रिकामा कसा पाठवू? तुम्हाला पाठवू?"

"मैं नहीं ले जाऊँगा," ड्रायव्हर लगेच म्हणाला.

इथे मी अडले, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात दाराकडून आवाज आला. वन्सं छताकडेच बघत होती, पण आता बोट दाखवत होती. "तिथं पत्रा गळतोय. त्याच्या खालचा सगळा ढीग भिजून फुगलाय. तो शिवता येणार नाही. तो द्या ना ट्रकला. ओला कागद वजनालाही भरेल."

बाळारामशेठनी कोपऱ्यात जाऊन ढिगाला हात लावला, हाताचा वास घेतला, तोंड वाकडं केलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "ये उठाओ."

मी काट्यावरून उतरले. म्हणजे उतरवली गेले, चौघींनी मिळून. पाय इतके झोपले होते की ते माझ्यानंतर अर्ध्या तासाने खाली आले.

तिथेच, जेवणानंतर

जेवायला आम्ही गोलात बसलो. मी सोलापूरहून आणलेल्या कडक भाकऱ्या काढल्या. हिराने एक वाजवून पाहिली. "हे खातात का छपरावर घालतात?" शेठनी एक गठ्ठ्यावर ठेवली, पंख्याच्या वाऱ्याने कागद उडेना. पण शेंगाचटणीबरोबर मोडून दिल्यावर सगळ्यांनी पुन्हा हात पुढे केले आणि माझ्याकडे त्यांची तांदळाची भाकरी आली, मऊ, पांढरी, हातात धरली तर रुमालासारखी घडी होणारी. बरोबर सुकट. मी सोलापूरच्या वतीने हार मानली, पण मनातल्या मनात.

मग कामाला सुरुवात. पद्धत अशी: चार अंकांचे चार ढीग रांगेत मांडायचे, बायकांनी एकामागे एक चालत जायचं, प्रत्येक ढिगातून एकेक उचलायचा, शेवटी पोहोचली की बसून शिवायचं. मी स्वतः ढीग मांडले. लग्नाचा शेवटी. खानावळीत मी गोड शेवटीच वाढते, मला कुणी शिकवायची गरज नाही. बायका चालू लागल्या. लग्नाच्या वरातीत असावी तशी मी पुढे.

बराच ढीग शिवून झाल्यावर मी हौसेने एक महाअंक उघडला. पहिल्याच गोष्टीत मांडव. हार, अक्षता, दोन पांढरे केस. पान उलटत गेले. दुसऱ्या गोष्टीत अनंत पोस्टाच्या दारात उभा, केस काळेभोर, आणि कुमुदला विचारतोय, "माफ करा, आपण कोण?"

मी जी ओरडले ती मागांच्या आवाजातून भिवंडीत ऐकू गेली असणार.

"हे काय केलंत? लग्न झालं आणि बायकोला ओळखत नाही?"

हिरा शांतपणे म्हणाली, "आमी उचललेलं वर ठेवतो. शेवटचा ढीग सगल्यात वर येतो. तुमी शेवटी मांडलात तो."

खरंच की. हातावर अंक ठेवत जायचा, म्हणजे शेवटी उचललेला वरच येणार. ताटात शेवटी वाढलेलं गोड शेवटी खातात. गठ्ठ्यात शेवटी ठेवलेलं पहिलं वाचतात. इतकी वर्षं ताटं वाढणाऱ्या बाईला हे सुचलं नव्हतं आणि ज्यांना ते रोजचं होतं त्यांना वाटलं, सोलापूरच्या बाईला पहिल्या गोष्टीत लग्न हवंय, असेल तिकडची रीत.

"उसवा," मी म्हटलं.

"न्हाय उसवत," हिरा म्हणाली. "कागद फाटतो."

वन्संनी पर्स बाजूला ठेवली, पदर खोचला, लग्नाचा ढीग उचलून रांगेच्या सुरुवातीला नेऊन ठेवला आणि स्वतः रांगेत उभी राहिली. माझ्याकडे बघून म्हणाली, "उभी काय राहिलीस. चाल."

मग संध्याकाळपर्यंत आम्ही चाललो. उलटे शिवलेले तेवढे सुटले. ते कुठल्यातरी जत्रेत गेले असतील. तुमच्या हाती आला तर माझी माफी, आणि मागल्या गोष्टीपासून पुढे वाचत या. बाकी सगळ्यांत लग्न शेवटी आहे. मी प्रत्येक उघडून पाहिला.

दिघाशीच्या वाटेने

परतताना बायकांचा टेम्पो होता. हिरा म्हणाली, चला, पाडा बघून जा. गोदामं संपली आणि एकदम भातशेतं लागली, पिवळी होत आलेली, वाऱ्याने एका अंगाला वाकणारी. आमच्याकडे ज्वारी अशी वाकत नाही, ती ताठ उभी राहते आणि वाऱ्यालाच वळसा घालायला लावते, असं मी सांगितलं. कुणी वाद घातला नाही. हिराच्या मांडीवर एक महाअंक होता, सुई अजून दोऱ्याला लटकत होती. सगळ्यांनी मिळून लग्नाची गोष्ट मोठ्याने वाचली. स्फोट झाला तेव्हा टेम्पो खड्ड्यात गेला, आणि "होऊ दे, बंबवाले आहेत" हे वाक्य सगळ्यांनी हवेत असतानाच म्हटलं.

वन्संनी तिथे माझा हात धरला होता. खड्ड्यामुळे असेल.

सोलापूर

घरी आल्यावर मी खानावळीत पुन्हा बासुंदी केली. ज्याने विचारलं त्याला सांगितलं, मुलाकडची मीच, मुलीकडचीही मीच. कंपनीचा नवा अंक आला. त्यात अनंत तोंड उघडतो आणि गॅसची टाकी उडते. मी तो अंक गल्ल्याखाली टाकला. आता मला राग नव्हता. माझ्याकडे जत्रा होत्या, आठवडी बाजार होते.

पण राहवेना. कंपनीला पुढचं पत्र लिहायला बसले, म्हणजे या वेळी जळकी नाही, चांगली भाकरी पाठवायची असं ठरवून, आणि त्याआधी बाळारामशेठना फोन लावला. मागे काट्याची खडखड ऐकू येत होती. मी ओरडून विचारलं, महाअंक कसे चाललेत, लोक काय म्हणतात, लग्न आवडलं का.

"संपले, मावशी," ते म्हणाले. "आता बाजारवाले लग्नानंतरचा मागतात. तो छापलेलाच न्हाय."